टोप्यांची रांग

जेवणानंतरच्या भाषणात कुणी पेंगलं तर केरिनच्या कचेरीत त्याचं कुणाला काही वाटत नसे. पूरनियंत्रण खात्यात भाषणांना तोटा नाही, आणि ब्रिस्बेनमधला जानेवारीचा उकाडा असा की एसी लावला तरी दुपारी डोळे मिटायचेच. त्या दिवशी कुणीतरी तज्ज्ञ नदीकाठच्या भिंतींबद्दल बोलत होता, पडद्यावर निळ्या रेघा वरखाली होत होत्या, आणि शेजारचे ग्रेगसाहेब तोंड उघडं टाकून खुशाल घोरत होते. केरिनच्याही पापण्या जड झाल्या. मग नेमकं काय झालं ते तिला कळलंच नाही. भान आलं तेव्हा ती सभागृहाच्या पार मागे उभी होती. पाय जुळवलेले, हात पाठीमागे बांधलेले, आणि भिंत दोन बोटांवर असूनही पाठ तिला टेकलेली नाही. शेहेचाळीस वर्षांची बाई, अठरा वर्षांच्या मुलीची आई, खात्याची उपप्रमुख, आणि शिक्षा झालेल्या पोरीसारखी मागे उभी. स्वतःचंच हसू येऊन ती परत जागेवर जायला निघाली, तेवढ्यात तिला दिसलं की दुसऱ्या कोपऱ्यात आणखी एक माणूस तस्सा उभा आहे. टक्कल पडलेलं, पोट सुटलेलं, सदरा घामाने पाठीला चिकटलेला. पण पाय जुळलेले, हात मागे, आणि पाठ भिंतीला टेकलेली नाही. त्यानेही हिच्याकडे पाहिलं. दोघांच्या मधे शंभरेक माणसं खुर्च्यांत बसून झोपत होती आणि हे दोघेच उभे राहून जागे होते.

असं उठून मागे जाणारी माणसं कुठे तयार होतात ते केरिनला माहीत होतं. दक्षिणेकडच्या त्या थंडगार डोंगरी गावातली लष्करी अकादमी. तिथे पहाटे पळवायचे, मग कवायत, मग गार पाण्याने अंघोळ, आणि ओल्या केसांनी, कडक बुटांनी पोरं थेट गणिताच्या वर्गात. झोप येणारच. पण वर्गात झोपणं हा गुन्हा होता आणि उभं राहणं हा त्यावरचा उपाय. डोळा लागतोय असं वाटलं की मुकाट्याने उठायचं, मागे जायचं, उभं राहायचं, कुणी विचारायचं नाही. डॉक्टर साबो म्हणून हंगेरीहून आलेले म्हातारे गृहस्थ गणित शिकवायचे. ते साधे नागरी माणूस. पहिल्या वर्षी त्यांना वाटलं की वर्गात खुर्च्या कमी पडतात. बिचाऱ्यांनी शिपायाला सांगून आणखी खुर्च्या मागवल्या. मग कुणीतरी त्यांना खरं कारण सांगितलं, तेव्हा म्हणे त्यांनी फळ्याकडे तोंड फिरवलं. अर्धा वर्ग मागे उभा आणि उरलेला अर्धा हातात पेन धरून उघड्या डोळ्यांनी झोपलेला. पन्नास मार्कांना पास. त्याच्या वरचा एकेक मार्क म्हणजे वाया गेलेली झोप, असं तिथे सगळेच म्हणत. अभ्यास हे अंगावर पडलेलं एक काम होतं, संडास घासण्यासारखं, आणि ते मन लावून करणाऱ्याकडे लोक जरा संशयानेच पाहत. केरिनला अभ्यास आवडायचा. हे तिने पहिल्याच महिन्यात लपवायला घेतलं, आणि दुसऱ्या महिन्यात पिपने शोधून काढलं.

"केरिन? केरिन मेहू?" भाषण संपल्यावर तो टकल्या गर्दीतून वाट काढत आला. "अगं मी लॉकी. आपल्या तुकडीतला. माझे केस सोड, नाक तरी ओळख."

नाक ओळखू आलं. मग दोघं खालच्या कॉफीच्या दुकानात जाऊन बसली. लॉकी लष्कर सोडून सिडनीत भिंती बांधणाऱ्या कंपनीत लागला होता, गुडघे गेले होते, दुसरं लग्न झालं होतं. मोकळ्या मनाचा माणूस. तो तेव्हाही असाच होता, तोंडाला कुलूप नाही. "आज त्या भिंतीचं गणित मला कळलं ते तुझ्यामुळे," तो म्हणाला. "ते सुकवणीच्या खोलीतले तुझे वर्ग. साबो गेले उडत, आम्हाला पास केलं ते तू."

सुकवणीची खोली. नुसत्या नावाने केरिनच्या नाकात ओल्या लोकरीचा आणि बुटाच्या पॉलिशचा वास आला. बराकीच्या टोकाला ती खोली होती, गरम पाण्याचे नळ भिंतीभर, त्यांवर ओले गणवेश टांगलेले, आणि सबंध इमारतीत ऊब म्हणून काय ती तिथेच. रविवारी दुपारी तुकडीतले सगळे तिथे बूट घेऊन बसत. हात बुटांवर आणि कान केरिनकडे. वही नको, फळा नको, हातात ब्रश असला की पोरांना झोप येत नसे, ही युक्ती तिलाच सुचलेली. पॉलिशचे डबे जमिनीवर मांडून ती सरासरी शिकवायची. हे बघा, सगळे डबे जवळजवळ आहेत, मधोमध काठी धरली तर तोल सांभाळतो. आता एकच डबा पार त्या टोकाला नेला. झाला की नाही तोल तिकडे? बाकीचे आठ आपल्या जागेवरून हलले नाहीत, पण एकट्याने सगळ्यांना ओढलं. लॉकी म्हणाला होता, आमच्या घरी माझा बाप असाच आहे. सगळे हसले होते. पिप हसली नव्हती. पिप म्हणजे फिलिपा, पश्चिमेकडच्या खाणीच्या गावची, सावत्र बापाच्या घराचं दार आपटून आलेली, गणितात ढ आणि पळण्यात सगळ्यांच्या मागे. ती डब्यांकडे बघत बसली होती. मग तिने विचारलं होतं, "म्हणजे एकानेच खूप वर ठेवलं, तर बाकीच्यांनी खाली ठेवूनही माणूस वाचतो?" आणि केरिनने आनंदाने पॉलिशने काळ्या झालेल्या हातांसकट तिला मिठी मारली होती. अगं हो, अगदी तेच! वर्षभरात पिपला कळलेली ती पहिली गोष्ट. शिकवणाऱ्याला असा क्षण मिळाला की चार दिवस पोट भरलेलं राहतं. पुढे विद्यापीठात, नोकरीत, नवरा न्यूझीलंडला निघून गेला त्या वर्षीही, मन फार खचलं की केरिन तो प्रश्न आठवायची. आपण एका माणसाला तरी काही दिलं, असं वाटायचं.

"पिप भेटते का गं तुला?" लॉकीने विचारलं.

"भेटते काय, आज रात्री जेवायलाच आहे. आता ती लेफ्टनंट कर्नल आहे, इथल्याच छावणीत. माझी टेस रविवारी अकादमीत चालली आहे ना. पिपनेच तयारी करून घेतली तिची. मुलाखत, पळणं, सगळं. टेसची धर्ममाता आहे ती."

लॉकीने कप खाली ठेवला. त्याच्या चेहऱ्यावर खरोखरीचं कौतुक होतं. "बाई गं. मोठ्या मनाची आहेस तू," तो म्हणाला. "माझ्याने नसतं झालं. त्या टोप्यांच्या प्रकारानंतर मी तर तिचं तोंड पाहिलं नसतं."

"टोप्यांचं काय? तिने तर मला पहिलं ठेवलं होतं."

लॉकी चमच्याने कपातला फेस ढवळू लागला.  एरवी तो बोलणं टाळणारा माणूस नव्हे.

वर्षाच्या शेवटी टोप्या लावायचा रिवाज होता. सार्जंटच्या खोलीत लांब टेबलावर तुकडीतल्या नऊही जणांच्या फेल्टच्या टोप्या ठेवलेल्या, कड एका बाजूने वर वळवलेली, आत नाव. एकेकाने आत जायचं, स्वतःची टोपी उचलून हातात धरायची, आणि बाकीच्यांची रांग लावायची. युद्धावर जाताना शेजारी कोण हवं, तो पहिला. कोण नको, तो शेवटी. सार्जंट बघायचा, टिपून घ्यायचा, टोप्या विस्कटायचा, मग पुढचा आत. बाहेर आल्यावर कुणी कुणाला सांगायचं नाही. सगळ्यांच्या रांगांची सरासरी काढून जो तळाला येई त्याला अधिकाऱ्यांच्या मंडळापुढे उभं करत, आणि मंडळापुढे गेलेला सहसा परत येत नसे. त्या वर्षी पिप तळाला येणार हे सगळ्यांना दिसत होतं. केरिनने आत जाऊन तिची टोपी पहिली ठेवली. विचारही केला नव्हता. आणि तळाला आली ती केरिन. मंडळातला अधिकारी वाईट माणूस नव्हता, त्याने चष्मा काढून सांगितलं, "तुझे मार्क उत्तम आहेत, पोरी. पण तुझे सोबती तुला शेजारी उभी करायला तयार नाहीत, याला मी काय करू?" तिथे आपल्यापुरतं पाहणाऱ्याला 'जॅक' म्हणत. चोर म्हटलेलं परवडलं, पण जॅक नको. केरिनला वाटलं, आपला अभ्यास त्यांना जॅकपणा वाटला. आपण शिकवलं, पण शिकवताना कुठेतरी मोठेपणा दाखवला असेल, आवाज चढला असेल, लॉकीच्या बापावर जास्त हसले असेन. सत्तावीस वर्षं ती तो आवाज शोधत होती. सभेत कुणाची चूक काढताना ती आधी तीन वेळा माफी मागायची, लोकांना वाटायचं की बाई किती नम्र. आणि या सगळ्यात एकच खुंटी होती, जिला ती धरून राहिली. बसपाशी पिप तिची बॅग घेऊन आली होती, नाक लाल, ओठ उन्हाने फुटलेले. म्हणाली होती, "मी तुझी टोपी पहिली ठेवली होती, केरिन. देवाशप्पथ. या नालायकांचं मला माहीत नाही." आठजणांत एक माणूस आपला होता. माणसाला जगायला एवढं पुरतं.

"मला वाटलं तिने केव्हाच सांगितलं असेल तुला," लॉकी कपातल्या फेसाकडे बघत म्हणाला. "तुम्ही इतक्या घट्ट राहिलात, म्हणजे बोलून मोकळ्या झाल्या असणार ना."

"तू सांग."

"जाऊ दे गं. पोरं होतो आपण."

"लॉकी, सांग."

त्याने सांगितलं. पिप एकेकाला गाठून रडली होती. त्याच सुकवणीच्या खोलीत. म्हणाली, केरिन कुठेही पोटापाण्याला लागेल, तिला डोकं आहे, आईबाप आहेत, उद्या कुठलंही विद्यापीठ घेईल. मला इथून काढलं तर मी कुठे जाऊ? खरंच होतं ते. आम्हाला वाईटही वाटलं. पण सगळ्यांनी केरिनला शेवटी ठेवायला हवं म्हणाली, एकानेही केरिनला वर ठेवलं तर गणित फसेल. तोल जातो म्हणाली. आणि माझी काळजी करू नका, केरिन मला पहिली ठेवणार, तेवढ्याने मी वर येते. "गणितात ढ होती ना ती? आम्ही तोंडात बोटं घातली," लॉकी म्हणाला आणि हसायला गेला, पण हसला नाही. "सगळ्यांनी ठेवलं गं. मीही ठेवलं. आणि ती स्वतः तर ठेवणारच."

मग तो सॉरी म्हणाला, दोनदा म्हणाला, आणि कॉफीचे पैसे देऊन विमानतळाला गेला.

केरिन फेरीबोटीने घरी निघाली. पाणी तपकिरी होतं, डेकवरचा लोखंडी कठडा तापून हाताला चटका देत होता, आणि काठावरच्या झाडांतून सिकाडा किड्यांचा एकसुरी कर्कश आवाज येत होता. तिला राग यायला हवा होता, पण तिला आधी आली ती लाज. केवढी मूर्ख मी. तो प्रश्न! म्हणजे एकानेच खूप वर ठेवलं, तर माणूस वाचतो? ती मिठी मारत होती तेव्हा पिप हिशेब करत होती. कदाचित नसेलही करत, कदाचित तेव्हा फक्त कळलं असेल आणि हिशेब मागाहून सुचला असेल. केरिनने हे दोन्ही मानून पाहिलं, आधी एक, मग दुसरं, आणि दोन्ही वेळा मिठी तीच राहिली. साबोंच्या वर्गात वर्षभर उभ्या उभ्या झोपलेल्या मुलीने एकच धडा मन लावून ऐकला. काय मन लावलं होतं तिने! आणि शिकवणारीही अशी की एवढं सोपं करून सांगावं. मग हळूहळू बाकीच्या गोष्टी येऊ लागल्या. टेस झाली तेव्हा दवाखान्यात सगळ्यांत आधी पोहोचलेली पिप. नवरा गेला तेव्हा महिनाभर सोफ्यावर झोपलेली पिप. दर नाताळला कोलंबीचा डबा घेऊन येणारी पिप. यातलं काय खरं धरायचं? कर्ज फेडत होती का ती? आणि फेडत असेल तर सांगायचं होतं, 'बाई, मी तुझी देणेकरी आहे', म्हणजे मी निदान सत्तावीस वर्षं स्वतःचा आवाज तरी तपासत बसले नसते. मी जॅक नव्हते. कुणालाच मी जॅक वाटले नव्हते. हे सांगायला दोन वाक्यं लागली असती. मला काढून तू राहिलीस, हे एक वेळ पोटात घालता आलं असतं. पण माझ्यातच खोट होती असं मला मानू दिलंस, आणि वर मलाच कुरवाळत बसलीस. इथे मात्र केरिनला राग आला, इतका की तिचा थांबा गेला आणि तिला पुढच्या धक्क्यावर उतरून उन्हातून मागे चालत यावं लागलं.

पिप आधीच येऊन बसली होती. कोलंबी सोलून झाली होती, आंबे कापून बर्फावर ठेवले होते, आणि टेस नवे बूट घालून स्वयंपाकघरात ठणठण चालत होती, बूट रविवारपर्यंत सैल व्हायला हवेत म्हणून.

"किती उशीर गं! मला वाटलं पुरात वाहून गेलीस," पिप म्हणाली आणि नेहमीसारखा गालाला गाल लावला. तोच साबणाचा वास. केरिनने लावू दिला. आपल्याला ढकलून देता येत नाही हे बघून तिला स्वतःचंच नवल वाटलं.

जेवताना टेसचे प्रश्न थांबत नव्हते. पळताना मागे पडलं तर? वर्गात झोप आली तर? पिप उत्साहाने सांगत होती. झोप आली तर मागे जाऊन उभी राहा. भिंतीला टेकू नकोस, टेकलीस की संपलीस. अभ्यास कर, पण केल्याचं दाखवू नकोस. आणि जे तुला येतं ते तुकडीला शिकव.

"टोप्या अजून लावतात का, पिपमावशी?"

"आता टोप्या नाहीत, कॉम्प्युटरवर आकडे टाकतात. पण रांग लागतेच."

"आणि आईसारखं झालं तर?" टेसने कोलंबी तशीच हातात धरली. "आईने सगळ्यांना शिकवलं, तरी तिला शेवटी टाकलं. तू एकटीने तिला पहिलं ठेवलंस."

"आजही ठेवीन," पिप म्हणाली आणि केरिनच्या हातावर हात ठेवला. जराही अडखळली नाही. केरिन त्या हाताकडे बघत राहिली. नखं कापलेली, स्वच्छ, पॉलिशचा डाग कधीच गेलेला. ही खोटं बोलत नाहीये, तिला वाटलं, इतक्या वर्षांत हिला ते खरंच वाटायला लागलंय.

"पिप," केरिन म्हणाली, "टेसला तो डब्यांचा धडा समजावून सांग ना. सरासरीचा. तुला फार छान कळला होता."

"अय्या, तो? थांब." पिपने बाटल्यांची झाकणं गोळा केली आणि टेबलावर जवळजवळ मांडली. "हे बघ टेस, ही तुमची तुकडी. सगळी इथे घोळक्यात. म्हणजे तोल इथे. बरोबर? आता हे एक झाकण मी उचललं आणि पार इकडे, वर नेलं. बाकीची हललीच नाहीत, पण तोल—" तिचं बोट झाकणावर होतं. ती फार सुरेख समजावत होती, साबोंपेक्षाही चांगलं. "पण तोल तिकडे सरकला. एकट्या झाकणाने..." बोट थांबलं. तिने वर पाहिलं. केरिनचा चेहरा तिने इतकी वर्षं वाचला होता, तो तिला याही वेळी वाचता आला.

"कोण भेटलं तुला?" पिपने हळूच विचारलं.

"लॉकी."

 टेस एकदा आईकडे, एकदा मावशीकडे बघत होती.

"मला परत जायला घर नव्हतं, केरिन."

केरिनच्या अगदी ओठांवर आलं होतं की मागितलं असतंस तर दिलं असतं, मीच निघून गेले असते. म्हणायला किती बरं वाटलं असतं. पण ते खरं नव्हतं. तिलाही तिथे राहायचं होतं, पूल बांधायला शिकायचं होतं, ती टोपी डोक्यावर हवी होती. म्हणून ती ते बोलली नाही.

"घर नव्हतं हे मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "म्हणून तर तुझी टोपी पहिली ठेवली. पण तू बसपाशी का आलीस, पिप? बॅग उचलायला का आलीस?"

 झाकण अजून पिपच्या बोटाखाली होतं.

"म्हणजे पिपमावशीने पण?" टेसने विचारलं. आईच्या चेहऱ्यावरूनच तिला ते कळलं. नव्या बुटांतले तिचे पाय टेबलाखाली जवळ आले. रविवार अजून तीन दिवसांवर होता. मग तिने आईला विचारलं, लहानपणी अंधाराचं विचारायची त्याच आवाजात, "मग मी तिथे कुणाला शिकवू की नको?"

केरिनने एकेक झाकण उचलून मुठीत घेतलं. पिपच्या बोटाखालचं तेवढं राहू दिलं.

"शिकव," ती म्हणाली. "जे येतं ते सगळं शिकव. फक्त सरासरी शिकवू नकोस."

पिप सवयीने हसली. केरिनच्या विनोदाला आजवर सगळ्यांत आधी तीच हसत आली होती. मग तिच्या लक्षात आलं की टेबलावर दुसरं कुणी हसत नाहीये.